तिकीट पदाचे की प्रवासाचे?

एरवी या सदराकडे निरनिराळ्या विषयांवरची पत्रे येतात. या वेळी मात्र एकाच विषयावरची पत्रे इतकी साठली, की त्यांतील सात निवडून हे पान त्यांनाच द्यावे असे वाटले. कंपनीचा, संस्थेचा किंवा देशाचा कारभार पाहणाऱ्याने विमानात कोठे बसावे, मागे इकॉनॉमीत की पुढे बिझनेस क्लासमध्ये, असा तो विषय आहे. उत्तर देणाऱ्याने आपली पार्श्वभूमी आधीच सांगितलेली बरी. मी नोकरीची बरीच वर्षे ट्रॅव्हल डेस्कवर काढली, साहेबलोकांची तिकिटे काढली आणि त्यांची प्रवासखर्चाची बिलेही तपासली. त्यामुळे पुढील मजकुरात थोडा कारकुनी खवचटपणा आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत लेखा विभागाची प्रमुख आहे. यंदा मंदीचे कारण देऊन वेतनवाढ रोखण्यात आली आणि प्रशिक्षणापासून लेखनसामग्रीपर्यंत प्रत्येक खर्चाला कात्री लागली. त्यानंतर लगेचच आमचे चार सहकारी आणि व्यवस्थापकीय संचालक एकाच विमानाने एका कामासाठी गेले. संचालक पुढे बसले आणि चौघे मागे. तेव्हापासून कार्यालयात दुसरा विषय नाही. वास्तविक त्या तिकिटांतील फरक कंपनीच्या उलाढालीच्या मानाने नगण्य आहे. मग एवढे बिघडले कोठे? आणि वरिष्ठांनी सरसकट इकॉनॉमीनेच जावे, असे मी सुचवावे काय?

उत्तर : रकमेने काही बिघडले नाही, हे ताळेबंद पाहणाऱ्या आपणच लिहिले आहे. बिघडवले ते डोळ्यांना जे दिसले त्याने. विमानात शिरतानाचा क्रम आठवून पाहा. पुढच्या वर्गातले प्रवासी आधी आत जातात, कोट टांगायला देतात, हातात पेला घेऊन ऐसपैस बसतात, आणि मग उरलेले सारे विमान पाठीवरच्या पिशव्या सावरत त्यांच्या अंगावरून मागे सरकते. ही रांग हमखास साहेबांच्या आसनापाशीच अडते, कारण मागे कोणीतरी वरच्या कप्प्यात न मावणारी बॅग कोंबत असते. साहेब वर्तमानपत्र जरा उंच धरतात. कर्मचारी आसन क्रमांक शोधत असल्याचा आव आणून छताकडे पाहतो. सारा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा असतो. पण वेतनवाढ रोखल्याचे पत्र ज्या महिन्यात हाती पडले त्याच महिन्यात तो घडला, तर ते अर्धे मिनिट पुढची दोन वर्षे जेवणाच्या सुट्टीत सांगितले जाते.

विमानांत होणाऱ्या भांडणांचा एक अभ्यास 2016 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला होता. ज्या विमानांत फर्स्ट क्लास असतो आणि ज्यांत मागच्या प्रवाशांना त्यातून चालत जावे लागते, तेथे हुज्जतीचे प्रकार अधिक नोंदले जातात, असा त्याचा निष्कर्ष होता. संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी त्या मांडणीवर लगेच आक्षेप घेतले, त्यामुळे त्यातील आकडे मी येथे देत नाही. पण त्या वाटेने कधी हातात बॅग घेऊन चाललेल्या माणसाला मूळ कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

या बाबतीतला सर्वांत गाजलेला प्रसंग नोव्हेंबर 2008 मधला आहे. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर या तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख वॉशिंग्टनला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे 25 अब्ज डॉलरची मदत मागण्यास गेले, आणि तिघेही आपापल्या कंपनीच्या खासगी विमानाने गेले. पैसे मागायला आलेला माणूस स्वतःच्या विमानातून उतरतो, हे समितीच्या सदस्यांनी भर सभेत बोलून दाखवले. डिसेंबरमध्ये दुसऱ्या खेपेस तिघेही डेट्रॉइटहून मोटारीने आले, तेही इंधन कमी पिणाऱ्या हायब्रिड मोटारींनी. येथवरची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत नेहमी सांगतात. पुढची सहसा कोणी सांगत नाही. जनरल मोटर्सच्या प्रमुखाला मार्च 2009 मध्ये पद सोडावे लागले, क्रायसलरने एप्रिलमध्ये आणि जनरल मोटर्सने जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फोर्डने मात्र तशी मदत न घेता स्वतःला सावरले. तिघेही आधी सारख्याच दिमाखात आले होते आणि नंतर सारख्याच साधेपणाने आले, तरी फळ निराळे मिळाले, कारण फोर्डने 2006 मध्येच मालमत्ता तारण ठेवून कर्ज उभे केले होते. प्रवासाच्या साधनाने कंपनी बुडतही नाही आणि तरतही नाही. त्याने एवढेच होते, की पुढच्या माणसाचा कान आपल्या म्हणण्याकडे उघडा राहतो किंवा बंद होतो.

म्हणून सरसकट इकॉनॉमीची सूचना आपण करू नये असे मला वाटते. तीत शिक्षेचा वास येतो आणि ती चार महिन्यांत गुंडाळली जाते. आपल्या संचालकांना दोनच गोष्टी सांगाव्यात. पहिली अशी, की कपातीचा काळ सुरू असेपर्यंत सहकाऱ्यांसमवेतचा प्रवास सहकाऱ्यांच्याच वर्गातून व्हावा. अशा प्रवासात शेजारी बसून जे बोलणे होते ते एरवी ठरवूनही होत नाही, हा त्यातला वरकड लाभ. दुसरी अशी, की कंपनीने कोणाला कोणता वर्ग मिळावा हे पदावरून ठरवणे सोडून प्रवासाच्या स्वरूपावरून ठरवावे. या दुसऱ्या मुद्द्याची फोड पुढच्या उत्तरात आहे. आणि एक गोष्ट न सांगितलेलीच बरी, पण सांगतो. आपल्या सहकाऱ्यांचा राग आसनावर निघाला असला तरी तो मूळचा वेतनवाढीचा आहे. उद्या संचालक मागे जाऊन बसले म्हणून तो जाणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होऊ नये.

प्रश्न : माझे वय 54 आहे. कामानिमित्त महिन्यातून एकदा तरी दहा-बारा तासांचा विमानप्रवास घडतो आणि बहुतेक वेळा उतरल्यावर दोन-तीन तासांतच बैठक असते. मला बिझनेस क्लासचे तिकीट मिळते, पण खरा नेता मागे बसतो असे एका तरुण सहकाऱ्याने ऐकवल्यापासून ते घेताना अपराधी वाटू लागले आहे. प्रकृतीच्या दृष्टीने खरोखरच काही फरक पडतो काय, की ती आम्ही स्वतःची घातलेली समजूत आहे?

उत्तर : काही बाबतींत ती निव्वळ समजूतच आहे, आणि आधी तिचा निकाल लावू. विमानाच्या पोटातील हवेचा दाब पुढे-मागे एकच असतो. उड्डाणादरम्यान तो साधारणपणे समुद्रसपाटीपासून 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर जितका असेल तितका राखला जातो. हवेचा कोरडेपणाही सगळीकडे सारखाच. घसा पुढच्यालाही सुकतो आणि कान मागच्याचेही दडे बसून बधिर होतात. उतरण्याची वेळ तर एकच असते, पुढच्यांना दारातून बाहेर पडताना मिळतात ती पाच-सात मिनिटे सोडून.

पायांच्या शिरांत रक्त साकळण्याच्या विकाराला एके काळी इकॉनॉमी क्लासचा आजार असे नाव पडले होते. ते नाव दिशाभूल करणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका सुमारे दुपटीने वाढतो, पण तो विमानाच्या कोणत्याही वर्गात वाढतो आणि रेल्वेत, बसमध्ये किंवा मोटारीतही वाढतो, कारण मूळ दोष तासन्तास न हलता बसण्याचा आहे. दुप्पट हा शब्द ऐकून घाबरण्याचेही कारण नाही. इतका वेळ न हलता बसून प्रवास केल्यावरचा एकूण धोकाही सुमारे सहा हजारांत एक असाच आहे. लठ्ठपणा, फार जास्त किंवा फार कमी उंची, काही हार्मोनयुक्त औषधे आणि घराण्यातील इतिहास यांमुळे तो वाढतो. त्यावरचा उपाय म्हणजे उठून चार पावले टाकणे आणि बसल्या जागी पावले व पोटऱ्या हलवत राहणे, आणि तो मागेही फुकट मिळतो. आतल्या बाजूच्या म्हणजे वाटेलगतच्या आसनाचा मात्र आग्रह धरावा. खिडकीपाशी बसलेला माणूस शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून सहा तास हलत नाही.

खरा फरक झोपेचा आहे, आणि तो मोठा आहे. इकॉनॉमीत एका आसनाच्या पाठीपासून पुढच्या आसनाच्या पाठीपर्यंत साधारण 28 ते 32 इंच अंतर असते. लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये हल्ली आसन पूर्ण आडवे होऊन त्याचा पलंग होतो. बसल्या बसल्या मान लुढकत लागणारी डुलकी आणि पाठ टेकून घेतलेली पाच तासांची झोप यांची बरोबरी होत नाही. 1997 मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात सलग सतरा तास जागलेल्या माणसांचे हात आणि डोळे यांचे कौशल्य तपासले गेले. रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाचे जेवढे घसरते तेवढे ते घसरले होते. रात्री निघून सकाळी पोचणाऱ्या आणि थेट वाटाघाटींना बसणाऱ्या अधिकाऱ्याची अवस्था यापेक्षा बरी नसते. वर शरीराचे घड्याळ आहेच. ते दिवसाला सुमारे एक तास या गतीने नव्या वेळेशी जुळते आणि पूर्वेकडे जाताना अधिक कुरकुरते.

त्यामुळे रात्रीचा लांबचा प्रवास आणि उतरताच जोखमीचे काम, असा योग असेल तर पुढचे तिकीट खुशाल घ्यावे. ते साधन आहे, बिरुद नव्हे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी केलेला नियम मला याबाबत फार आवडतो. परदेशचा प्रवास चौदा तासांहून अधिक असेल तर बिझनेस क्लासला मंजुरी देता येते. पण त्या आधारे पुढे बसलेल्या कर्मचाऱ्याला वाटेत किंवा पोचल्यावर सरकारी खर्चाने विश्रांतीचा काळ मिळत नाही. पलंग विमानात घ्या नाहीतर हॉटेलात, दोन्हीकडे मिळणार नाही, असा तो रोखठोक हिशोब आहे. आपणही तो स्वतःला लावून पाहावा. एक दिवस आधी निघून, मागे बसून, रात्रभर हॉटेलात झोपून बैठकीला जाणे पुष्कळदा स्वस्त पडते आणि डोकेही अधिक ताजे राहते. दोन तासांच्या दुपारच्या प्रवासाला मात्र यातले काहीच लागू नाही.

आता त्या तरुण सहकाऱ्याविषयी. तो आपल्याच विमानात असेल आणि सकाळच्या बैठकीतले सादरीकरण त्यालाच करायचे असेल, तर झोपेचा वरील सगळा हिशोब त्यालाही लागू होतो. चोपन्न वर्षांचे गुडघे अधिक दुखतात हे खरे, पण जागरणाने बुद्धी दोघांचीही सारखीच मंदावते. अशा वेळी दोघांनाही पुढे बसवावे, किंवा दोघांनीही एक दिवस आधी निघावे. आपल्याला वाटणारा अपराधीपणा आपल्या तिकिटाचा नसून त्याला न मिळालेल्या तिकिटाचा असावा, अशी मला शंका आहे.

प्रश्न : मंत्री, खासदार आणि राष्ट्रप्रमुख यांनी जनतेच्या पैशाने पुढच्या वर्गातून किंवा सरकारी विमानाने फिरणे नैतिक आहे काय? त्यांनी सामान्यांसारखा प्रवास केला तर सरकारी तिजोरीचा केवढा पैसा वाचेल!

उत्तर : आपल्या दुसऱ्या वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह आहे, तेथे मी प्रश्नचिन्ह देतो. साधेपणाने पैसा वाचतोच असे नाही. मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांचे उदाहरण घ्या. 2018 मध्ये निवडून आल्यावर त्यांनी राष्ट्राध्यक्षांसाठी घेतलेले बोइंग 787 विमान वापरणार नाही असे जाहीर केले आणि ते सामान्य विमानांच्या इकॉनॉमीतून फिरू लागले. पदभार घेण्यापूर्वीच एकदा पावसामुळे ते हुआतुल्कोच्या विमानतळावर काही तास विमानात अडकून पडले, तरी त्यांचा निर्धार ढळला नाही. जुलै 2020 मध्ये वॉशिंग्टनला जाताना थेट विमान नव्हते म्हणून त्यांनी अटलांटा येथे विमान बदलले. हे सारे प्रामाणिकपणे झाले. पण ते न वापरलेले विमान कित्येक महिने कॅलिफोर्नियात उभे राहिले, त्याच्या देखभालीचे बिल येतच राहिले, त्याच्या नावाने राष्ट्रीय सोडत काढून झाली, आणि शेवटी 2023 मध्ये ते खरेदीच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत ताजिकिस्तानला विकले गेले. याचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण विमान त्यांच्याआधीच्या सरकारांनी घेतले होते. पण प्रतीकालाही खर्च लागतो, आणि तो प्रतीक पाहणाऱ्यांना दिसत नाही.

आपल्याकडचे 2009 सालचे काटकसरीचे पर्व वाचकांना आठवत असेल. केंद्रीय मंत्र्यांना इकॉनॉमीने प्रवास करण्यास सांगण्यात आले, सोनिया गांधी इकॉनॉमीने गेल्या, राहुल गांधी शताब्दी रेल्वेने लुधियानाला गेले. त्याच सुमारास तत्कालीन राज्यमंत्री शशी थरूर यांना ट्विटरवर कोणीतरी विचारले, की आपणही आता गुरांच्या वर्गातून जाणार काय. प्रश्नकर्त्याचाच शब्द उचलून त्यांनी, आमच्या पवित्र गायींशी एकजूट दाखवत तसेच जाईन, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि गदारोळ उडाला. त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. विनोद वाईट नव्हता, पण तो करणाऱ्याचे स्थान चुकले होते. जो रोज मागे बसतो त्याने मागच्या आसनांना गुरांचा गोठा म्हटले तर ती तक्रार असते. जो कालपर्यंत पुढे बसत होता त्याने तोच शब्द वापरला की तो हिणवणे ठरतो. त्या पर्वात नेमका किती खर्च वाचला याची चर्चा मागे पडली आणि गायी तेवढ्या लोकांच्या लक्षात राहिल्या.

नैतिकतेबद्दल विचाराल तर मी तीन प्रकार वेगळे करीन. राष्ट्रप्रमुखाचा प्रवास हा मुळी प्रवासी वर्गाचा प्रश्नच नाही. सुरक्षा, संपर्कयंत्रणा आणि सोबतचा लवाजमा पाहता त्याने सामान्य विमानात बसणे म्हणजे शे-दोनशे इतर प्रवाशांची तपासणी, विलंब आणि धोका वाढवणे होय. मंत्र्याचे काम अधिकाऱ्यासारखे असते, त्याला तासांचा आणि झोपेचा हिशोब लावावा. मतदारसंघात येणे-जाणे करणाऱ्या लोकप्रतिनिधीचा प्रवास बहुधा तास-दोन तासांचा असतो, आणि तेथे पुढच्या आसनाचे समर्थन मला तरी करता येत नाही. उलट मागे बसल्यावर लोक येऊन गाऱ्हाणी सांगतात, ही त्यांची नेहमीची तक्रार मला त्यांच्या कामाचे वर्णन वाटते.

प्रश्न : कंपनीने आम्हां सर्वांना इकॉनॉमीचे तिकीट दिले होते. माझ्या खात्यावर साठलेल्या माइल्समुळे, म्हणजे वरचेवरच्या प्रवासाबद्दल मिळणाऱ्या गुणांमुळे, विमान कंपनीने मला आपण होऊन अपग्रेड करून बिझनेस क्लासमध्ये बसवले आणि माझे वरिष्ठ मागेच राहिले. मी जावे की नाही?

उत्तर : जावे. कंपनीचा पैसा गेलेला नाही आणि माइल्स आपल्या नावावर आहेत, फक्त कंपनीच्या नियमांत तसे माइल्स वैयक्तिक वापरण्यास मनाई नाही ना एवढे पाहून घ्यावे. वरिष्ठांना आधी सांगावे, त्यांना पाठदुखी असेल तर आसन देऊ करावे, आणि त्यांनी नको म्हटल्यावर पुन्हा आग्रह करू नये, कारण दुसऱ्या आग्रहापासून ती चाकरी होते. पडदा ओढला जाताना मागे वळून हात मात्र हलवू नये.

प्रश्न : मी एका उद्योगसमूहाचा संचालक आहे. माझ्या एका तासाची किंमत कंपनीला ठाऊक आहे. अशा माणसाला स्वस्त तिकीट देऊन काय साधते? वेळ वाचवण्यासाठी बिझनेस क्लास, किंबहुना कंपनीचे स्वतःचे विमान, हा खर्च नसून गुंतवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सहमत आहात काय?

उत्तर : निम्मा सहमत आहे. बिझनेस क्लासने वेळ वाचतो या म्हणण्याशी नाही, कारण विमानाचे नाक आणि शेपूट एकाच मिनिटाला पोचतात. वाचतो तो थकवा. आसनावर गोपनीय कागद उघडून काम करता येते हा मुद्दा मात्र रास्त आहे. शेजाऱ्याच्या कोपराखाली लॅपटॉप अर्धवट उघडून विलीनीकरणाचा मसुदा वाचणारे अधिकारी मी पाहिले आहेत, आणि तो मसुदा त्यांच्याबरोबर शेजाऱ्यानेही वाचून काढला असणार.

कंपनीच्या विमानाबद्दल योगायोगाने 2006 या एकाच वर्षी, एकाच नियतकालिकात दोन परस्परविरोधी सुरांचे अभ्यास आले. डेव्हिड यर्मॅक यांना असे दिसले, की प्रमुखांना खासगी वापरासाठी विमान देणाऱ्या कंपन्यांच्या समभागांचा परतावा बाजाराच्या मानाने वर्षाला चार टक्क्यांहून अधिक मागे पडतो. रघुराम राजन आणि ज्युली वुल्फ यांना असे दिसले, की मोठ्या विमानतळापासून दूर असलेल्या कंपन्या विमान अधिक प्रमाणात ठेवतात, म्हणजे ही सवलत जेथे वेळ खरोखर वाचतो तेथे दिली जाते. मला हे दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात असे वाटते. पहिला खासगी वापराविषयी आहे आणि दुसरा कामाविषयी. तेव्हा आपल्या तासाची किंमत सांगताना तो तास कोणत्या कामाचा होता, हेही बिलावर लिहिलेले असावे.

वॉरन बफे यांनी 1980 च्या दशकात कंपनीसाठी विमान घेतले, तेव्हा आयुष्यभर अशा खर्चावर टीका केलेली असल्याने त्यांनी त्याचे नावच ‘इनडिफेन्सिबल’, म्हणजे ज्याचे समर्थन होऊ शकत नाही असे, ठेवले आणि भागधारकांना तसे लेखी कळवले. याच्या उलट, जनरल इलेक्ट्रिकचे तत्कालीन प्रमुख जेफ इमेल्ट यांच्या विमानामागून काही प्रवासांत दुसरे रिकामे विमान राखीव म्हणून उडत असे, हे 2017 मध्ये बाहेर आले, आणि संचालक मंडळालाच त्याची कल्पना नव्हती असे तेव्हा प्रसिद्ध झाले. आपण संचालक आहात म्हणून विचारतो, आपल्या प्रमुखांच्या प्रवासखर्चाचा कागद मंडळापुढे शेवटचा कधी आला होता?

प्रश्न : मी एका धर्मादाय संस्थेची विश्वस्त आहे. आमच्या कार्यकारी प्रमुखांना एका देणगीदाराने तिकिटातील फरक स्वतः भरून बिझनेस क्लास देऊ केला आहे. संस्थेच्या पैशाला धक्का लागत नसेल तर हरकत कोणती?

उत्तर : त्या देणगीदाराला मोकळेपणाने विचारावे, की हीच रक्कम संस्थेच्या कामाला देणार काय. तो हो म्हणाला तर प्रश्न मिटला. नाही म्हणाला, तर ती देणगी संस्थेला नसून प्रमुखांना आहे, आणि विश्वस्तांनी तिच्याकडे भेटवस्तूकडे पाहावे तसे पाहावे. देणगीदाराचे एखादे काम पुढे संस्थेपुढे निर्णयासाठी येणार असेल तर ती घेऊच नये. प्रमुखांना खरोखरच पाठीचे किंवा पायाचे दुखणे असेल तर मात्र संस्थेनेच, संस्थेच्या पैशाने आणि ठरावात नोंद करून ते तिकीट द्यावे. आजारपणाची सोय उपकारावर चालवू नये.

आपली संस्था पर्यावरणाचे काम करते असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे, म्हणून एक जोड देतो. जागतिक बँकेच्या 2013 च्या एका अभ्यासात आसनाने व्यापलेल्या जागेच्या प्रमाणात प्रदूषणाची वाटणी केली, तेव्हा बिझनेस क्लासच्या प्रवाशाच्या वाट्याला इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट आणि फर्स्ट क्लासच्या प्रवाशाच्या वाट्याला नऊपटीपर्यंत भार आला. विमान तर उडणारच होते, असा युक्तिवाद यावर नेहमी केला जातो. पण आजच्या मागणीवरूनच उद्याच्या विमानात किती पलंग आणि किती आसने बसवायची हे ठरते. ज्या परिषदेत आपले प्रमुख हवामानावर बोलणार आहेत, तेथे हा प्रश्न विचारणारा एखादा श्रोता असतोच, आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण त्याला पाठ असते.

प्रश्न : आमच्याकडे प्रवासाचे नवे नियम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुन्या नियमांत पदांचा तक्ता आहे. त्याऐवजी काय लिहू?

उत्तर : वरची उत्तरे वाचल्यावर आपल्याला बरेचसे सुचले असेल, त्यामुळे तपशिलापुरते लिहितो. सलग उड्डाणाच्या तासांची एक मर्यादा ठरवा, ती सहा असो वा दहा, पण सर्वांना एकच ठेवा. रात्रीचा प्रवास आणि पोचल्या दिवशीचे काम यांसाठी सूट द्या. त्या सवलतीऐवजी विश्रांतीचा दिवस घेण्याची मुभा ठेवा. वैद्यकीय कारणाला पदाची अट नको, आणि त्याचा कागद मनुष्यबळ विभागापुरताच राहावा. बिझनेस क्लास फार महाग पडत असेल तर मधल्या प्रीमियम इकॉनॉमीचा विचार करा. तेथे पलंग मिळत नाही, पण पाय सरळ होतात. एकाच कामासाठी एकाच विमानाने जाणाऱ्यांचा वर्ग एकच असावा, हे कलम वेगळे आणि ठळक लिहा, कारण पहिली तक्रार त्यावरच येईल, आणि ती वरून येईल.

अपवादाला मंजुरी देणारा माणूस प्रवास करणाऱ्यापेक्षा वरचा असावा असे आपण लिहाल, आणि मग सर्वांत वरच्या माणसाशी येऊन अडाल. त्याच्या अपवादाला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांची सही लागेल असे लिहा. आम्ही ट्रॅव्हल डेस्कवर जो छापील अर्ज वापरत होतो त्यात पहिला रकाना पदाचा होता, दुसरा नावाचा, आणि प्रवास किती तासांचा हे विचारणारा रकानाच नव्हता. तो मी पुढे कित्येक वर्षे समासात पेन्सिलीने लिहीत असे. आपण नवा अर्ज छापायला टाकाल तेव्हा त्याला छापील जागा द्या.